खंडेनवमीनंतर कोण कोणाच्या जागी

समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘तुम्ही कोण?’ असं विचारावं लागलं, तर एवढी वर्षं नोकरी करून आपण कमावलं काय, असा देवराव बारापात्रे यांचा रोकडा सवाल असे. नागपुरात गांधीबागेत नागनदी विणकर सहकारी संघाचं कार्यालय होतं आणि देवराव तिथे मोठे बाबू होते. दारातून कोण आत येतंय, हे ते मान वर न करता सांगत. उमरेडचा विणकर चपला कशा काढतो, भिवापूरचा कसा खाकरतो, सगळं त्यांना पाठ. यातले निम्मे अंदाज साफ चुकत. पण मान वर करायची सवयच नसल्यामुळे हे त्यांना कधी कळलं नाही.

अशा माणसापुढे अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर येऊन बसला. कुठल्याशा सरकारी योजनेत संघाला तो मिळाला होता. मोठं यंत्र मागच्या थंड खोलीत, जिथे चपला काढूनच जायचं, आणि त्याच्या पाठीतून निघालेल्या तीन तारा तीन टेबलांवरच्या तीन पडद्यांना जोडलेल्या. एक पडदा व्यवस्थापक हेडाऊसाहेबांच्या केबिनमध्ये, एक देवरावांच्या टेबलावर आणि एक पुष्पलताबाई नंदनवार यांच्यापुढे. पुष्पलताबाई सुताचा साठा सांभाळत.

सकाळी पडदा उजळला की तो पहिल्यांदा विचारी, तू कोण? नाव सांगून भागत नसे. पासवर्ड सांगितल्याशिवाय गडी पुढे हलायला तयार नाही. हेडाऊसाहेबांनी बायकोचं नाव ठेवलं होतं आणि टाइप करताना ते एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत, त्यामुळे ते खालच्या चहावाल्यालाही माहीत झालं. पुष्पलताबाईंचा शब्द त्यांच्या नीट लक्षात राहत असे. देवरावांनी मात्र कोणाला सात जन्मांत सुचणार नाही असा शब्द शोधून काढला आणि दुसऱ्या दिवशी तो त्यांनाही सुचेना.

पुण्याहून यंत्राचा इंजिनियर आला तेव्हा देवरावांनी त्याला गाठलं. आमचा म्हातारा चौकीदार मला अंधारात ओळखतो आणि तुमचं एवढं महागाचं यंत्र उजेडात ओळखत नाही, हे काय बरोबर आहे काय, असं त्याला विचारलं. इंजिनियर वयानं लहान पण समजूतदार होता. तो म्हणाला, करता येईल. पडदा ज्या तारेवर असेल त्या तारेवरून यंत्र माणूस ओळखेल. मग ते काही विचारणार नाही, तुम्ही आपल्या खुर्चीत बसलात की तुम्ही देवराव. देवराव खूश झाले. पण यात एक मेख आहे, इंजिनियर पुढे म्हणाला. एका माणसाच्या पडद्यावरून दुसऱ्याला आपल्या नावानं आत जाता येणार नाही. तशी वेगळी सोय करून ठेवू का? देवरावांनी सांगितलं, दुसऱ्याच्या खुर्चीत बसायची आमच्याकडे पद्धत नाही. बरं, निदान पडद्यावर वरच्या बाजूला ज्याचं त्याचं नाव तरी दिसू द्यावं, असं तो म्हणाला.

“आमचे नावं आम्हाले माहीत आहेत ना गा,” देवराव म्हणाले.

इंजिनियरनं वाद घातला नाही. यंत्राच्या पाठीवर तीन भोकं होती. दारापासून टेबलं जशी लागतात तशा त्यानं त्यात तारा खोचल्या. दाराशी पुष्पलताबाई बसत, म्हणून पहिलं भोक त्यांचं. मग साहेबांची केबिन, म्हणून दुसरं साहेबांचं. शेवटी कोपऱ्यात देवराव, तिसरं त्यांचं. प्रत्येक तारेवर त्यानं नावाचा कागद चिकटवला आणि तो गाडीला गेला. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. यंत्राला शिस्त लावली ती आपण, असं देवराव येईल त्याला सांगत होते.

मग खंडेनवमी आली. विणकराच्या घरी त्या दिवशी मागाची पूजा असते, आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला हळदकुंकू लागतं. संघाच्या कार्यालयात टाइपरायटर आणि वजनकाटा यांची पूजा होई. त्या वर्षी मान अर्थातच कॉम्प्युटरचा होता, आणि पूजा देवरावांनी आपल्याकडे घेतली. यंत्राला आंघोळ घालता येत नाही एवढं त्यांना समजत होतं, त्यामुळे त्यांनी ओल्या फडक्यावर भागवलं. मागच्या तारासुद्धा उपसून त्यांनी स्वतःच्या हातानं लख्ख पुसल्या. नावाचे कागद भिजून फडक्याबरोबर निघून गेले, पण त्याची फिकीर करायचं कारण नव्हतं. कोणती तार कोणाच्या टेबलाकडे जाते, हे भिंतीवर दिसतच होतं.

प्रश्न एवढाच होता की कोणती तार कोणत्या भोकात घालायची. आता पूजेच्या कामात मान पाहावा लागतो. पहिला मान साहेबांचा, म्हणून साहेबांची तार पहिल्या भोकात. मग मोठे बाबू, म्हणून आपली दुसऱ्यात. मग बाईंची तिसऱ्यात. यात चूक काढायला जागाच नव्हती. झेंडूचा हार घातला, समोर धोटा ठेवला, नारळ फोडला, साहेबांच्या हस्ते आरती झाली आणि सगळे प्रसाद घेऊन घरी गेले.

आता वाचकहो, एवढंच लक्षात ठेवा, बाकी गोष्ट सोपी आहे. यंत्राच्या दृष्टीनं त्या दिवसापासून केबिनमध्ये पुष्पलताबाई बसू लागल्या, देवरावांच्या खुर्चीत हेडाऊसाहेब बसू लागले आणि दाराशी पुष्पलताबाईंच्या टेबलावर देवराव बसू लागले. ज्यांनी बसायचं त्यांना मात्र याचा पत्ता नव्हता.

दसऱ्याची सुट्टी संपवून देवरावांनी पडदा लावला आणि ते चरकले. संघातल्या यच्चयावत माणसांचे रजेचे अर्ज मंजुरीसाठी त्यांच्यापुढे हजर होते. हे काम साहेबांचं. देवरावांनी थोडा विचार केला आणि त्यांना उलगडा झाला. साहेबांनी गाजावाजा न करता आपल्यावर भार टाकला होता. दसऱ्याच्या मुहूर्तावर, मुद्दाम. त्यांचे डोळे भरून आले. दुपारपर्यंत त्यांनी सगळे अर्ज निकालात काढले, आवडत्यांना रजा दिली, नावडत्यांना नाही दिली. त्यात त्यांचा स्वतःचा दिवाळीचा अर्ज होता, तो त्यांनी सहानुभूतीनं मंजूर केला. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी चहा मागवला, आणि तो मागवताना आवाज जरा साहेबी काढला.

केबिनमध्ये हेडाऊसाहेबांना घाम फुटला होता. त्यांच्या पडद्यावर सुताच्या पेट्यांशिवाय काही नव्हतं. रजा गेली, हजेरी गेली, सह्या गेल्या. उरलं चाळीस नंबरचं सूत आणि साठ नंबरचं सूत. साहेब तसे भित्रे. संघाचे अध्यक्ष दादाजी सोनकुसरे गेल्या बैठकीत आपल्याशी तुटक बोलले होते, हे त्यांना आठवलं. म्हणजे अध्यक्षांनी आपले अधिकार काढून घेतले. मग दिले कोणाला, हा विचार करत त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं, तर देवराव रेललेले आणि चहा मागवताहेत. साहेबांना सगळं समजलं. त्या दिवसापासून ते मोठ्या बाबूंना ‘देवरावजी’ म्हणू लागले. त्या ‘जी’वरून देवरावांची उरलीसुरली शंकाही फिटली.

राहिल्या पुष्पलताबाई. त्यांच्यापुढे हजेरीपट आणि पत्रव्यवहाराचा ढीग येऊन पडला होता. हे देवरावांचं काम. मोठे बाबू आता जास्तच मोठे झाले आणि आपली हमाली त्यांनी माझ्या डोक्यावर टाकली, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांना राग आला, पण त्या बोलल्या नाहीत.

बोललं कोणीच नाही. मिळालेलं हातचं जाईल म्हणून देवराव गप्प, असलेली नोकरी जाईल म्हणून साहेब गप्प आणि पुष्पलताबाई कशासाठी गप्प होत्या ते पुढे येतंच आहे. साहेबांनी तर मिळालं ते काम मन लावून करायचं ठरवलं. दुपारच्या उन्हात ते गोदामात जाऊन स्वतः सुताच्या पेट्या मोजत आणि डोक्याला कापूस लावून परत येत. गोदामातल्या लोकांना वाटलं धाड पडली. त्यांनी भीतीपोटी दोन दिवसांत सगळं गोदाम झाडून काढलं. देवराव हे लांबून पाहत होते आणि साहेबांना उतारवयात कामाची गोडी लागली म्हणून त्यांना बरं वाटत होतं.

अशात भिवापूरचा विषय निघाला. संघाला तिथे सुताचं केंद्र उघडायचं होतं आणि कार्यालयातल्या कोणीतरी तिथे जाऊन राहायचं होतं. अध्यक्षांना कोणावर जबरदस्ती नको होती. त्यांनी सांगितलं, ज्यानं त्यानं आपल्या पडद्यावर मत द्यावं, कोणाला कोणाचा संकोच नको. यंत्र एकच प्रश्न विचारणार होतं, भिवापूरला जायला तयार आहात का? वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही.

देवरावांना जायचं नव्हतं. त्यांचं घर टिमकी वस्तीत होतं आणि घरात माग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. तो उचलून कुठे नेता येत नाही. त्यांची बायको कुसुमावती त्या मागावर लुगडी विणत असे आणि देवराव सकाळ-संध्याकाळ तिच्या हाताखाली बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत. पोरगी जयवंता लग्न होऊन सासरी गेलेली. आपण गेलो तर मागावर एकट्या बसलेल्या बाईनं करायचं काय, या विचारानं त्यांना रात्री झोप लागेना. घरी त्यांनी ही आफत सांगितली तेव्हा कुसुमावती एक शब्द बोलली नव्हती. तिला बोलवेना, हे देवरावांनी ओळखलं.

आणि पुष्पलताबाईंना जायचं होतं. त्यांचा नवरा भिवापूरच्या शाळेत मास्तर होता. लग्नाला चार वर्षं झाली तरी बाई नागपुरात मावशीकडे राहत, शनिवारी संध्याकाळी एसटी पकडत आणि सोमवारी पहाटे उठून परत येत. हे केंद्र म्हणजे त्यांच्यासाठी देव पावल्यासारखं होतं. म्हणूनच देवरावांची हमाली त्या निमूट करत होत्या. मोठ्या बाबूंना दुखवून ऐन वेळी घोळ व्हायला नको.

तिघांनी आपापल्या खुर्चीत बसून आपापल्या मनातलं उत्तर दिलं. देवरावांनी आपल्या पडद्यावर एन दाबला, तो साहेबांच्या नावावर गेला. साहेबांनी केबिनमध्ये एन दाबला, तो पुष्पलताबाईंच्या नावावर पडला. पुष्पलताबाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन वाय दाबला आणि तो देवरावांना चिकटला.

यादी छापून आली. साहेबांनी ती वाचली आणि त्यांच्या जिवात जीव आला. देवरावजी आपण होऊन चालले, आता केबिन आपली आपल्याला. त्यांनी संत्राबर्फीचा पुडा मागवला आणि देवरावांना आत बोलावून आधी तोंड गोड केलं. देवरावांना वाटलं बढतीचा कागद आला. बर्फीचा दुसरा तुकडा तोंडात असताना साहेबांनी त्यांचं भिवापूरबद्दल अभिनंदन केलं.

“मी तं नाही म्हटलं होतं, साहेब.”

“असं कसं देवरावजी,” साहेब म्हणाले. “यंत्र तुम्हाले ओळखते. तुम्हीच तं त्याले शिकवलं.”

देवरावांनी बर्फी कशीबशी गिळली. यंत्र चुकलं म्हणावं तर दोन महिने केलेल्या बढायांचं काय? बरोबर आहे म्हणावं तर उद्या वळकटी बांधायची. ते बाहेर आले तर पुष्पलताबाई उभ्या. यादी त्यांनीही पाहिली होती आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

“बाबू, तुम्हाले सगळं माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “एसटीनं जाऊन येऊन माहे काय हाल होऊन राहिले, ते तुम्ही पाहून राहिले रोज. अन् माह्या नावावर नाही टाकून तुम्ही सोताचं हो करून घेतलं. काहून केलं असं?”

देवरावांनी शपथ घेतली. बाईंचा विश्वास बसला नाही. देवरावांनी शेवटी, तुमच्याच पडद्यावर दाखवा तुम्ही काय दाबलं ते, असं म्हणून त्यांच्या टेबलाशी धाव घेतली. पडद्यावर सूत नव्हतं. उमरेडच्या केंद्राला देवरावांनी स्वतः दसऱ्याआधी लिहायला घेतलेलं आणि कंटाळून अर्धवट सोडलेलं पत्र त्यांच्यापुढे होतं, जसंच्या तसं. हे माझं पत्र तुमच्याकडे काय करतं, त्यांनी विचारलं. हे तर दसऱ्यापासून इथेच आहे, तुमच्या बाकी हमालीसकट, बाई म्हणाल्या.

देवराव तिथल्या तिथे खाली बसले. ओलं फडकं, उपसलेल्या तारा आणि मानपान त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. बोटांवर मोजून त्यांनी कोण कोणाच्या जागी आहे ते जुळवलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. मग आपण साहेबांच्या नावानं आठवडाभर रजा वाटल्या, आणि त्यातली एक स्वतःला दिली, हेही त्यांच्या ध्यानात आलं. हे साहेबांना सांगायचं म्हणजे भिवापूर परवडलं.

तेव्हा देवरावांनी वेगळी शक्कल काढली. तारांना हात लावायचा नाही. यंत्र खुर्चीवरून माणूस ओळखतं ना, मग माणसांनीच खुर्च्या बदलायच्या! पुष्पलताबाईंच्या खुर्चीत बसलं की आपण देवराव. तिथून एन दाबायचा. साहेबांच्या खुर्चीत बसलं की बाई पुष्पलता. तिथून त्यांनी वाय दाबायचा. शनिवारी अध्यक्ष यादी पक्की करायला येणार होते, तोवर यंत्र उत्तर बदलू देत होतं. त्याच्या आधी, साहेब जेवायला महाल भागातल्या घरी गेले की काम उरकायचं. बाईंना हे ऐकून भोवळ यायची बाकी राहिली. मी पुष्पलता व्हायला साहेबांच्या खुर्चीत काहून बसू, हे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. पण भिवापूरसाठी त्या तयार झाल्या.

इकडे हेडाऊसाहेबही स्वस्थ बसले नव्हते. आपले अधिकार खरंच गेले की यंत्रच बिघडलं, हे गुपचूप पाहून घ्यावं म्हणून त्यांनी इंजिनियरला निरोप धाडला होता. तो कामानिमित्त वर्ध्याला आलेला होता. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ये, कोणाला कळू देऊ नको, मागच्या दारानं ये, असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं. तसा तो आला. चपला काढून थंड खोलीत गेला, यंत्राच्या पाठीमागे वाकला, तर तिथे वाळलेला झेंडू आणि भोकांभोवती हळद. तारा कुठल्या कुठे. त्यानं त्या पूर्वीसारख्या लावल्या, हात झटकले आणि गल्लीच्या टोकाला तर्री-पोहे खायला गेला.

त्याच्या मागोमाग पुष्पलताबाई केबिनमध्ये शिरल्या. साहेबांच्या खुर्चीच्या अगदी कडेला, सासऱ्यासमोर बसावं तशा त्या बसल्या. देवराव दाराशी बाईंच्या जागेवर बसले. ठरल्याप्रमाणे देवराव खोकले. त्यांनी एन दाबला, बाईंनी वाय दाबला. दोघं आपापल्या जागी परत आले आणि कित्येक दिवसांनी देवरावांनी डबा पोटभर खाल्ला.

तारा सरळ झाल्या होत्या, हे त्या बिचाऱ्यांना कुठे माहीत! देवरावांचा नकार पुष्पलताबाईंच्या नावावर गेला, जो आधीही नकारच होता. बाईंचा होकार गेला तो थेट हेडाऊसाहेबांना. देवरावांचा जुना होकार जागच्या जागी राहिला.

दुपारी अध्यक्ष दादाजी आले. धोतर, काळी टोपी, सारा जन्म मागावर गेलेला म्हातारा. नवी यादी त्यांच्या हातात दिली गेली. त्यांनी ती लांब धरून वाचली, मग जवळ धरून वाचली आणि खुर्चीतून उठून हेडाऊसाहेबांना मिठी मारली. व्यवस्थापक असून माणूस खेड्यात जायला तयार होतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. गेल्या बैठकीत मी तुमच्याशी नीट बोललो नाही, त्या दिवशी माझी दाढ दुखत होती, असंही त्यांनी सांगून टाकलं. साहेबांना काही कळेना. आपण तर नाही म्हटलं होतं. पण अधिकार काढून घेणाऱ्यांनी आता गावही सोडायला लावलं, असा त्यांनी अर्थ लावला आणि बारीक आवाजात, अध्यक्षांची मर्जी, एवढंच म्हणाले. दादाजींचा उत्साह आणखी वाढला. त्यांनी जाहीर केलं की देवरावही तयार आहेत, साहेबही तयार आहेत, तर दोघांची जोडीच भिवापूरला जाऊ दे. बाईंना जायचं नाही, त्या इथलं पाहतील.

पुष्पलताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि हुंदका दिला. त्या हुंदक्यानं देवराव विरघळले. आपलं जे व्हायचं ते होवो म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. फडकं सांगितलं, तारा सांगितल्या, रजा सांगितल्या, खुर्च्या बदलल्या तेही सांगितलं. त्यांचं सांगून होतंय तोच इंजिनियर पोहे खाऊन परत आला आणि तारा आपण मघाशीच सरळ केल्या असं त्यानं आनंदानं कळवलं. देवरावांना परत सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, या वेळी उलट्या बाजूनं. दादाजी टोपी काढून ऐकत राहिले. मी साहेब होतो तेव्हा साहेब बाई होते आणि बाई मी होत्या, या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला.

“थांब गा देवराव. आता या टायमाले इथी कोण कोण आहे, तेवढं मले सांग.”

कोणालाच खात्रीनं सांगता येईना. दादाजींनी यंत्र बंद करायला लावलं. तिघांना समोर उभं केलं आणि विचारलं की भिवापूरला कोणाला जायचं आहे, तोंडानं सांगा.

“मले जायचं आहे,” पुष्पलताबाई म्हणाल्या.

विषय संपला. बाईंचं नाव पक्कं झालं. माझे अधिकार कोणी काढले होते, हे साहेबांनी अध्यक्षांना हळूच विचारलं, आणि कोणते अधिकार, असं दादाजींनी उलट विचारल्यावर त्यांनी लगेच ‘देवरावजी’मधला ‘जी’ काढून घेतला. देवरावांनी वाटलेल्या रजांचा फेरविचार होणार होता. त्यांची स्वतःची दिवाळीची रजा जागीच रद्द झाली. इंजिनियरनं पासवर्ड पुन्हा चालू केले. देवरावांनी या वेळी बायकोचं नाव ठेवलं.

पण एवढं सगळं होऊनही देवराव घरी निघाले ते तरंगतच. रजा गेली, अब्रूही बरीचशी गेली, पण भिवापूर टळलं होतं. कुसुमावती आठवडाभर मुकी झाली होती, आता तिच्या चेहऱ्यावर कसा आनंद पसरेल हे त्यांना गांधीबागेपासून टिमकीपर्यंत दिसत होतं. घरात पाऊल टाकताच त्यांनी सांगितलं, काळजी सोड, मी जात नाही.

माग थांबला. कुसुमावतीनं त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर आनंद काही दिसेना.

“काहून?” तिनं विचारलं.

देवराव गडबडले. तुझ्यासाठीच तर एवढी धडपड केली, त्यांनी सांगितलं. तू एकटी पडली असतीस, मागावर हाताखाली कोण होतं तुला?

“सुभद्राले बलावलं ना म्या उमरेडवरून,” कुसुमावती म्हणाली. सुभद्रा तिची धाकटी बहीण. “उद्याच येऊन राहिली ते. तिच्या हातच्या कांड्या कशा घट्ट असते. तुम्ही भरल्या का ढिल्या राहते, सूत तुटते. तुम्ही हापिसात गेले का मले त्या सगळ्या उकलून पुन्हा भरा लागते.”

“रोज?”

“लग्न झालं तवापासून.”

मग हे आधी का नाही सांगितलंस, देवरावांनी विचारलं. कोणी विचारलंच नाही, ती म्हणाली. सुभद्रा आली की दिवाळीपर्यंत दोन लुगडी जास्त निघतील असा तिचा हिशेब होता, आणि आता तिला काय सांगायचं या विचारात ती होती.

देवराव उंबऱ्यातच उभे होते. चपला काढाव्या की राहू द्याव्या, हे त्यांचं ठरत नव्हतं. मग अंगातला सगळा मोठा बाबू गिळून त्यांनी चाचरत विचारलं, सोमवारी साहेबांना भेटून पाहू काय? भिवापूरला पुष्पलताबाईंच्या हाताखाली एखादा माणूस लागत असेल तर?

“पाहा ना इचारून,” कुसुमावती म्हणाली, आणि तिचा माग पुन्हा सुरू झाला.